स्तनाच्या कर्करोगातून सावरलेल्या लॅटिना स्त्रियांना वजन उतरवण्यासाठी साथ देताना : नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

न्यू जर्सी, टेक्सस, कॅलिफोर्निया अशा राज्यांत आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, परिचारिका किंवा स्वयंसेवक म्हणून काम करणारी मराठी माणसे आता बरीच आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांकडे कधी ना कधी अशी एखादी स्त्री येते की जिच्या स्तनाच्या कर्करोगावरचे उपचार पूर्ण झाले आहेत, जिचे वजन त्या काळात वाढले आहे आणि जिची मायबोली स्पॅनिश आहे. लॅटिन अमेरिकी मुळाच्या अशा स्त्रीला अमेरिकेत लॅटिना म्हणतात. हातात छापील आहारतक्ता असतो, डॉक्टरांनी ‘वजन कमी करा’ एवढेच सांगितलेले असते, आणि पुढे काय करावे हे ना तिला कळत असते ना आपल्याला. हा लेख या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी आहे. तो वैद्यकीय सल्ल्याची जागा घेत नाही. कर्करोगतज्ज्ञांच्या सल्ल्याच्या चौकटीत राहून साथ कशी द्यावी, एवढेच त्यात सांगितले आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, या स्त्रीचे वजन तिच्या उपचारांनी मागे ठेवलेल्या शरीरावर आणि तिच्या घरच्या स्वयंपाकघरावर ठरते, आणि या दोन्हींची नीट माहिती करून घेतल्याखेरीज तिच्या हाती कोणताही तक्ता देऊ नये.

आधी एवढे समजून घ्यावे

अमेरिकेतील हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाच्या, स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग हा सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे, आणि कर्करोगाने होणाऱ्या त्यांच्या मृत्यूंमध्येही पहिला क्रमांक त्याचाच लागतो. वजनाचा या आजाराशी संबंध अनेक वाटांनी येतो. रजोनिवृत्तीनंतर अंडाशयातून इस्ट्रोजेन तयार होणे जवळजवळ थांबते, तरी चरबीच्या पेशींमधील अरोमाटेज नावाचे विकर इतर संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन बनवत राहते, आणि ज्या गाठी इस्ट्रोजेनवर पोसल्या जातात त्यांच्या बाबतीत ही गोष्ट महत्त्वाची ठरते. त्याखेरीज जादा चरबीमुळे रक्तातील इन्शुलिन वाढते आणि शरीरात सौम्य दाह सतत चालू राहतो.

उपचारांच्या काळात वजन वाढते त्याचीही कारणे आहेत. केमोथेरपीबरोबर दिले जाणारे डेक्सामेथासोन भूक वाढवते, अनेकींची पाळी अकाली बंद होते, थकव्यामुळे हालचाल मंदावते, रात्री अंगातून वाफा निघाल्यासारखे होऊन झोप मोडते, आणि या सगळ्यांत स्नायू कमी होऊन त्यांच्या जागी चरबी येते. वजनाचा काटा तेवढाच दिसला तरी आतला हिशेब बदललेला असू शकतो. इस्ट्रोजेनचा गाठीवरचा परिणाम अडवणाऱ्या टॅमॉक्सिफेन या गोळीने आपले वजन वाढले असे पुष्कळजणी सांगतात; त्या गोळीमुळेच वजन वाढते हे अभ्यासांत ठामपणे दाखवता आलेले नाही, पण तिचे म्हणणे उडवून लावू नये, कारण याच समजुतीपोटी काहीजणी गोळी परस्पर बंद करतात आणि ती गोष्ट वजनापेक्षा कितीतरी धोक्याची आहे.

आणखी एक मर्यादा पहिल्या दिवसापासून पाळावी. जादा वजन असलेल्या स्त्रियांमध्ये आजार परतण्याचे प्रमाण अधिक दिसते हे खरे, परंतु त्यावरून ‘वजन उतरवलेत तर कर्करोग परतणार नाही’ असे वचन कोणालाही देऊ नये. मधुमेह, रक्तदाब, सांधे, दमसास आणि झोप यांना वजन उतरवण्याचा लाभ होतो, हे निःशंकपणे सांगता येते आणि तेवढे पुरेसे आहे. ज्या स्त्रीने मृत्यूची भीती जवळून पाहिली आहे तिला पुन्हा त्याच भीतीने चालवू पाहणे मला निर्दयपणाचे वाटते. शिवाय भीतीपोटी केलेला बदल टिकतही नाही.

पायरी १ : कागदपत्रे आणि डॉक्टरांची संमती

पहिल्या भेटीआधी तिच्या कर्करोगतज्ज्ञांकडून किंवा परिचारिकेकडून पाच गोष्टी विचारून घ्याव्यात. उपचार पूर्ण झाले आहेत की काही चालू आहेत. शस्त्रक्रिया कोणत्या बाजूची, काखेतल्या किती लसिकाग्रंथी काढल्या आणि पोटाचा स्नायू घेऊन स्तनाची पुनर्रचना झाली आहे का. डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रॅस्टुझुमॅब दिले होते का, कारण या दोन्ही औषधांचा हृदयावर परिणाम होऊ शकतो. केमोथेरपीतील टॅक्सेन गटाच्या औषधांमुळे पावलांना बधिरता आली आहे का. आणि सध्या टॅमॉक्सिफेन चालू आहे की इस्ट्रोजेन बनणे रोखणाऱ्या लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन यांपैकी एखादे. शेवटच्या तिन्ही औषधांनी सांधे दुखतात आणि हाडे विरळ होतात, त्यामुळे हाडांच्या घनतेची तपासणी कधी झाली तेही पाहावे.

केमोथेरपी चालू असताना वजन उतरवण्याचा कार्यक्रम डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय सुरू करू नये. कोणताही प्रयत्न न करता वजन झपाट्याने उतरत असेल, तर ते यश समजू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

पायरी २ : भाषा आणि संबोधन

अमेरिकेच्या केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या आरोग्यसंस्थांना, १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार आणि २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १५५७ नुसार, इंग्रजी न येणाऱ्या रुग्णाला भाषेची मदत मोफत द्यावी लागते. म्हणून प्रशिक्षित दुभाषा मागावा, तो फोनवर असला तरी चालेल. सोबत आलेल्या मुलीकडून भाषांतर करून घेण्याचा मोह टाळावा. आईच्या छातीवरचा व्रण, पाळी, नवऱ्याशी शरीरसंबंध, रात्रीचे रडणे या गोष्टी बारा वर्षांच्या मुलीच्या तोंडून विचारल्या जाऊ नयेत, आणि विचारल्या तरी खरे उत्तर मिळत नाही. ग्वातेमाला किंवा मेक्सिकोतील ओआहाका इथून आलेल्या काही स्त्रियांची मातृभाषा माम, किचे किंवा मिक्स्तेक असते आणि स्पॅनिश त्यांनाही परकीच असते, तेव्हा ‘कोणत्या भाषेत बोलणे सोयीचे?’ हा प्रश्न गृहीत न धरता विचारावा.

स्पॅनिश थोडीफार येत असेल तर वयाने मोठ्या स्त्रीला ‘उस्तेद’ म्हणूनच बोलावे आणि नावाआधी ‘दोन्या’ लावावे. आपल्याकडे काकू, मावशी यांना जसे ‘अहो’ म्हणतात तीच रीत इथे आहे, त्यामुळे मराठी माणसाला ती जड जाऊ नये. पहिली पाच मिनिटे तब्येतीविषयी न बोलता मुलेबाळे, गाव, आईची खुशाली यांविषयी बोलण्यात जावीत. घाईने थेट वजनाच्या काट्याकडे नेणारा माणूस तिला कोरडा वाटतो आणि दुसऱ्या भेटीला ती येत नाही. स्थलांतराचे कागद, व्हिसा, नागरिकत्व यांविषयी प्रश्न कधीही विचारू नयेत; या कामासाठी त्या माहितीची गरज नसते.

सगळ्या लॅटिना स्त्रियांना एकाच साच्यात बसवू नये, हेही इथेच सांगायला हवे. अमेरिकेतील सर्वांत मोठा गट मेक्सिकन वंशाचा आहे, पण प्वेर्तो रिकोची स्त्री जन्मानेच अमेरिकन नागरिक असते, डोमिनिकन स्त्रीच्या सकाळच्या ताटात कुस्करलेल्या हिरव्या केळ्यांचे मांगू असते, एल साल्वादोरच्या घरी पुपुसा ही सारण भरलेली मक्याची जाड भाकरी असते आणि कोलंबियन घरी आरेपा ही मक्याचीच जाड भाकरी. मेक्सिकन पदार्थांचा तक्ता डोमिनिकन स्त्रीला देणे म्हणजे तिला ओळखतच नसल्याची कबुली देणे होय.

पायरी ३ : पहिली भेट

वजन आडोशाला मोजावे आणि आकडा मोठ्याने उच्चारू नये. शस्त्रक्रियेनंतर पुष्कळजणी अंतर्वस्त्रात सिलिकॉनचा कृत्रिम स्तन घालतात आणि त्याचेही वजन असते. तो काढायला सांगू नये. दर वेळी त्याच कपड्यांत, त्याच स्थितीत मोजले म्हणजे तुलना बरोबर होते. कंबरेचा घेरही नोंदवावा, कारण व्यायामाने स्नायू वाढू लागले की काटा हलत नाही आणि घेर मात्र कमी होतो. आकडा पाहण्याची तिची तयारी नसेल तर सुरुवातीला घेर, जिने चढतानाचा दम आणि झोप यांवरच काम चालवावे.

त्यानंतर तिला स्वतःला काय हवे आहे ते विचारावे आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावे. काहीजणींना नातवामागे धावायचे असते, काहींना हॉटेलातल्या खोल्या साफ करण्याच्या कामावर परत जायचे असते, आणि काहींना वजन उतरवायचेच नसते. शेवटचे उत्तरही ऐकून घ्यावे. ज्या घरात अंगाने भरलेली बाई ही सुदृढ आणि सुखी मानली जाते आणि आजारपणात वाळलेली नातेवाईक डोळ्यांसमोरून गेलेली असते, तिथे उतरणारे वजन पाहून आई आणि सासू घाबरतात. आपल्याकडेही ‘किती सुकलीस गं’ हे काळजीनेच म्हटले जाते. अशा घरात ‘बारीक होणे’ हा शब्द टाळून ‘ताकद परत मिळवणे’ असे उद्दिष्ट ठेवले तर घर सोबत येते.

उद्दिष्ट लहान ठेवावे. सुरुवातीच्या वजनाच्या पाच टक्के एवढे उतरले तरी रक्तातील साखर आणि रक्तदाब यांत फरक दिसू शकतो. ८० किलोच्या स्त्रीसाठी हे चार किलो, म्हणजे इथल्या काट्यावर सुमारे नऊ पौंड होतात, आणि त्यासाठी चार ते सहा महिने घ्यावेत. मोठमोठ्या कार्यक्रमांतूनही याहून फार वेगळे चित्र दिसत नाही. येल विद्यापीठाच्या ‘लीन’ अभ्यासात स्तनाच्या कर्करोगातून सावरलेल्या १०० स्त्रिया होत्या. सहा महिन्यांत प्रत्यक्ष भेटून सल्ला मिळालेल्यांचे वजन सरासरी ६.४ टक्के उतरले, फोनवरून सल्ला मिळालेल्यांचे ५.४ टक्के, आणि नेहमीच्या देखभालीतील स्त्रियांचे २ टक्के. हे निकाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. यातला फोनचा आकडा नवख्यांनी लक्षात ठेवावा. दोन बसगाड्या बदलून, अर्ध्या दिवसाचा पगार बुडवून केंद्रावर येणे जिला परवडत नाही, तिला दर आठवड्याला ठरलेल्या वेळी केलेला फोन जवळजवळ तितकाच उपयोगी पडतो.

पायरी ४ : ताट आणि पेला

कामाचा मोठा भाग इथे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठातील संशोधक हेदर ग्रीनली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगातून सावरलेल्या हिस्पॅनिक स्त्रियांसाठी ‘कोसिनार पारा सू सालूद’ (‘आपल्या आरोग्यासाठी स्वयंपाक’) नावाचा कार्यक्रम केला. त्यात ७० स्त्रियांवर अभ्यास झाला आणि ज्यांना कार्यक्रम मिळाला त्यांच्यासाठी १२ आठवड्यांत नऊ सत्रे घेतली गेली. व्याख्यानांबरोबर प्रत्यक्ष स्वयंपाक करणे आणि बाजारात जाऊन खरेदी करणे हेही सत्रांत होते. सहा महिन्यांनंतर पाहिले असता त्या स्त्रियांच्या जेवणातील भाज्या आणि फळांचे प्रमाण स्पष्टपणे वाढले होते. त्या कार्यक्रमाचा मुख्य हेतू वजन उतरवणे हा नसून ताट बदलणे हा होता, आणि मला त्यातून हाच धडा महत्त्वाचा वाटतो की, ताट बदलायचे तर चुलीपाशी उभे राहून बदलावे लागते.

म्हणून तिला एका नेहमीच्या दिवसाचे खाणे उठल्यापासून झोपेपर्यंत क्रमाने सांगायला लावावे, आणि पिण्यापासून सुरुवात करावी. गोड पेये ही अनेक घरांतली सर्वांत सोपी आणि सर्वांत मोठी गळती असते. ३५५ मिलिलिटरच्या साध्या कोलाच्या डब्यात सुमारे ३९ ग्रॅम साखर आणि १४० कॅलरी असतात. जेवणाबरोबर दोन लिटरची बाटली टेबलावर ठेवण्याची पद्धत असलेल्या घरात एवढा एक बदल पुष्कळ करून जातो. घरी केलेले आग्वा फ्रेस्का, म्हणजे फळाफुलांचे गोड सरबत, हे ‘घरचे’ म्हणून निरोगी समजले जाते, पण त्यात साखर वाटीवाटीने पडते. आग्वा दे हामाइका ज्या लाल बोंडांपासून करतात ती आपल्या लाल अंबाडीचीच; तिच्या आंबटपणाची सवय आपल्या जिभेलाही आहे. ते पेय बंद करायला न सांगता साखर दर आठवड्याला थोडी कमी करावी, दालचिनीचा तुकडा आणि लिंबू वाढवावे, म्हणजे महिनाभरात जिभेला फरक पचतो.

आता टॉर्टिया. मक्याची टॉर्टिया म्हणजे त्यांची भाकरी समजावी. तिच्यावर हात टाकणाऱ्या सल्लागाराचे पुढचे काहीच ऐकले जात नाही, आणि टाकण्याचे कारणही नाही. चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्यापासून केल्यामुळे तिच्यातून कॅल्शियम मिळते आणि लहान टॉर्टियात साधारण ५० ते ६० कॅलरी असतात. बुरितोसाठीच्या मोठ्या मैद्याच्या टॉर्टियात मात्र २०० च्या वर असतात. तेव्हा मैद्याऐवजी मका, आणि आठाऐवजी तीन, एवढेच सांगावे. किती खाता असे विचारल्यास ‘दोन-तीन’ असे उत्तर येते, कारण बहुतेकजणी सगळ्यांना वाढून झाल्यावर तव्याशेजारी उभ्या राहूनच खातात आणि ते खाणे मोजलेच जात नाही. यावर एक साधा उपाय लागू पडतो. आपल्या वाटणीच्या टॉर्टिया आधीच एका फडक्यात गुंडाळून ताटाशेजारी ठेवायच्या आणि बसून जेवायचे. एवढ्याने कितीतरीजणींना आपण किती खात होतो ते प्रथमच दिसते.

फ्रिहोलेस म्हणजे शिजवलेले घेवडे हे त्यांच्या जेवणातले सर्वांत मोलाचे अन्न आहे. त्यातून प्रथिने आणि तंतू दोन्ही मिळतात आणि ते स्वस्त असते. अडचण ते डुकराच्या चरबीत परतण्यात आहे. शिजवलेल्या पाण्यासह, कांदा-लसूण आणि चमचाभर तेल घालून घोटले तरी चव राहते. डोमिनिकन आणि प्वेर्तो रिकन घरात भात मोठा असतो. तिथे भाताची वाटी अर्धी करून घेवडे आणि भाजी वाढवावी, आणि दोनदा तळलेल्या तोस्तोनेसऐवजी केळी उकडून घ्यावीत. नोपाल म्हणजे काटे काढलेली निवडुंगाची पाने, चायोते, कालाबासिता, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर या भाज्या त्यांच्या घरच्याच आहेत. ब्रोकोली आणि केल यांची नावे असलेला तक्ता देऊन तिच्या अन्नाचा कमीपणा दाखवू नये. सांचोचो किंवा काल्दो यांसारख्या पातळ कालवणात भाज्या दुप्पट करून मांस निम्मे केले की अख्खे घर तेच खाते आणि तिला वेगळे रांधावे लागत नाही. वेगळे रांधावे लागले तर ती ते सोडून देईल, हे गृहीत धरावे.

मराठी शाकाहारी कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की, स्वतःची सवय तिच्यावर लादू नये. उपचारांनंतर झिजलेले स्नायू भरून येण्यासाठी तिला प्रथिनांची गरज असते, आणि अंडी, कोंबडी, मासे, घेवडे यांपैकी जे तिच्या घरात शिजते त्यातूनच ती मिळायला हवीत.

पैशांचा प्रश्नही ताटातच येतो. महिनाअखेरीस भाजी संपून भात आणि शेवया उरतात, तेव्हा गोठवलेल्या भाज्या आणि कमी मिठाचे डबाबंद टोमॅटो सुचवावेत, आणि अन्नसाहाय्य योजनेला ती किंवा तिची मुले पात्र आहेत का, हे सामाजिक कार्यकर्त्याकडून तपासून घ्यावे.

पायरी ५ : हालचाल आणि स्नायू

अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम हे लक्ष्य आहे. त्याआधी २०१९ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या पुढाकाराने तज्ज्ञांनी असे मांडले की, आठवड्यातून तीनदा अर्धा तास दम लागेल असा व्यायाम आणि दोनदा स्नायूंचा व्यायाम केल्यास थकवा, चिंता आणि उदासी यांत फरक पडतो. नवख्या स्त्रीची सुरुवात मात्र दिवसाला दहा मिनिटे चालण्यापासून व्हावी.

दिवसभर दुसऱ्यांची घरे साफ करणाऱ्या स्त्रीला ‘व्यायाम करा’ असे सांगणे तिला अपमानाचे वाटू शकते. तिचे श्रम मान्य करावेत आणि मग समजावावे की, वाकून केलेल्या कामाने अंग दुखते, पण हृदयाची आणि स्नायूंची क्षमता वाढवणारा व्यायाम वेगळा असतो. नाच हा त्यावर उत्तम मार्ग आहे. कुंबिया, मेरेंगे, सालसा यांना शिकवणी लागत नाही, स्वयंपाकघरात तीन गाण्यांवर नाचले तरी दहा मिनिटे होतात आणि मुलेही नाचू लागतात. झुंबा हा प्रकार मुळात कोलंबियातला आहे आणि चर्चच्या सभागृहांत त्याचे वर्ग भरतात. तिथे एखादी मैत्रीण सोबत असली की जाणे टिकते.

काखेतल्या ग्रंथी काढलेल्या स्त्रीला अनेक वर्षे असे सांगितले गेले की त्या हाताने जड काही उचलू नये. कॅथरिन श्मिट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हाताला लसिकासूज (ग्रंथी काढल्यावर द्रव साचून येणारी सूज) असलेल्या १४१ स्त्रियांमध्ये, देखरेखीखाली हळूहळू वाढवत नेलेल्या वजनांच्या व्यायामाने सूज वाढली नाही, उलट ती उसळून येण्याचे प्रसंग कमी झाले. ‘देखरेखीखाली’ आणि ‘हळूहळू’ हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. सुरुवात एक पौंडाने करावी, हाताला दाबपट्टीचा मोजा दिला असेल तर तो घालूनच करावी, आणि अंगठी किंवा बांगडी घट्ट होऊ लागली, बाही रुतू लागली, हात जड वाटला तर थांबून फिजिओथेरपिस्टकडे पाठवावे. घरातल्या साध्या वस्तूही चालतात. घेवड्याचा डबा साधारण एक पौंडाचा असतो. फक्त वजन उतरल्याने ती सूज जाईल असे मात्र सांगू नये, कारण पुढे त्याच संशोधकांच्या मोठ्या चाचणीत तसे दिसले नाही.

पावले बधिर असतील तर खुर्ची धरून उभे राहणे-बसणे, भिंतीला टेकून दंड काढणे असे व्यायाम निवडावेत. पोटाचा स्नायू घेतलेल्या स्त्रीला पोटाचे व्यायाम शल्यविशारदांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. अनेक वायएमसीए केंद्रांत कर्करोगातून सावरलेल्यांसाठी ‘लिव्हस्ट्राँग’ या कर्करोगविषयक संस्थेचा १२ आठवड्यांचा व्यायामवर्ग मोफत किंवा अल्प शुल्कात असतो, आपल्या भागातील वर्गात स्पॅनिश बोलणारे कोणी आहे का ते आपण आधी फोन करून विचारावे, ते काम तिच्यावर टाकू नये.

पायरी ६ : सोबत कोणाची

तिच्या घरात खरेदी कोण करते, पैसे कोण देते आणि जेवण कसे हवे हे कोण ठरवते, ते विचारावे. शक्य असेल तर एका सत्राला नवऱ्याला, बहिणीला किंवा सुनेला बोलवावे आणि हा सगळ्या घराच्या मधुमेहाचा आणि हृदयाचा विषय म्हणून मांडावा. स्वतःसाठी वेळ काढणे ज्या स्त्रीला स्वार्थ वाटते, तिला ‘तुमची ताकद घराला हवी आहे’ हे पटते. मी हे वाक्य नाइलाजाने वापरतो. तिने स्वतःसाठीच बरे व्हावे असे मला मनापासून वाटते.

घराबाहेरची सर्वांत मोठी मदत म्हणजे प्रोमोतोरा, म्हणजे त्याच वस्तीतली प्रशिक्षित आरोग्यसेविका. आपल्याकडच्या आशाताईंना जे दार उघडते ते डॉक्टरांना उघडत नाही, तसेच तिचे आहे. तुमच्या केंद्रात प्रोमोतोरा असेल तर कार्यक्रम तिच्या पुढाकाराने चालावा आणि तुम्ही तिला माहिती पुरवावी. सान होझे येथील लॅटिनास कॉन्त्रा कॅन्सर, वॉशिंग्टन परिसरातील नुएवा विदा, न्यूयॉर्कमधील शेअर अशा संस्था स्पॅनिशमधून आधार देतात, आणि अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या १-८००-२२७-२३४५ या क्रमांकावरही स्पॅनिशमध्ये बोलता येते. खाण्यावर ताबा राहत नाही, झोप लागत नाही, रडू आवरत नाही असे ती सांगत असेल तर आहाराचा विषय बाजूला ठेवून मानसिक आरोग्याची मदत आधी मिळवून द्यावी.

मुळ्या, चहा, शेक आणि इंजेक्शने

हा प्रश्न प्रत्येक भेटीत विचारावा, आणि रागाचा सूर न लावता विचारावा, नाहीतर ती लपवते. ‘सोबत आणखी काय घेता? चहा, काढा, गोळ्या, टोपणभर पावडर?’ असे विचारून पिशवीतली बाटली पाहायला मागावी.

तेजोकोते हे मेक्सिकोतील एक लहान फळ आहे. नाताळच्या गरम पोंचेमध्ये ते घालतात आणि ते निर्धोक आहे. पण ‘तेजोकोतेची मुळी’ या नावाने वजन उतरवण्यासाठी ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या अनेक उत्पादनांत प्रत्यक्षात पिवळी कण्हेर निघाली, असे अमेरिकन आरोग्ययंत्रणांच्या तपासणीत आढळले, आणि तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने त्याबद्दल २०२४ मध्ये इशारा दिला. आपल्याकडे बिट्टी म्हणून ओळखले जाणारे हेच झाड. त्याचे बी खाऊन माणूस दगावतो हे महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत ठाऊक आहे. उलट्या, चक्कर, नाडी मंदावणे आणि हृदयाचे ठोके बिघडणे ही त्याची लक्षणे आहेत, आणि जिच्या हृदयावर आधीच कर्करोगाच्या औषधांचा ताण पडला आहे तिच्यासाठी धोका आणखी वाढतो. हे उत्पादन घरात असेल तर त्याच दिवशी बंद करायला सांगावे आणि त्रास होत असेल तर तातडीने रुग्णालयात पाठवावे.

सेंट जॉन्स वर्ट म्हणजे स्पॅनिशमधील इयेर्बा दे सान हुआन ही वनस्पती अनेक औषधांचा, टॅमॉक्सिफेनसह, शरीरातील निचरा बदलते. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वजनाच्या गोळ्यांतही सावध राहावे लागते; बुप्रोपियॉन असलेली गोळी टॅमॉक्सिफेनचे सक्रिय रूपात होणारे रूपांतर रोखू शकते. भूक कमी करून वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइडसारख्या इंजेक्शनांविषयी आता प्रत्येकजण विचारते. तो निर्णय कर्करोगतज्ज्ञ आणि तिचे नेहमीचे डॉक्टर यांनी मिळून घ्यायचा आहे. आपण एवढेच पाहावे की, ते घेत असताना प्रथिने आणि स्नायूंचा व्यायाम सुटणार नाही आणि ती कोपऱ्यावरच्या दुकानातून किंवा ओळखीच्या माणसाकडून विनाचिठ्ठीचे इंजेक्शन घेणार नाही.

पायरी ७ : पाठपुरावा

पहिले दोन महिने दर आठवड्याला, पुढचे चार महिने पंधरा दिवसांनी आणि नंतर महिन्यातून एकदा फोन करावा. प्रत्येक फोनमध्ये एकच बदल ठरवावा. वजन परत चढते, हे आधीच गृहीत धरून चालावे. ‘एनर्जी’ या अभ्यासात स्तनाच्या कर्करोगातून सावरलेल्या ६९२ स्त्रिया होत्या. ज्यांना गटातून साथ मिळाली त्यांचे वजन वर्षअखेरीस ६ टक्के उतरले होते आणि दोन वर्षांनंतर उतार ३.७ टक्के उरला होता. म्हणून सहा महिन्यांचा कार्यक्रम आखताना पुढच्या दीड वर्षाच्या फोनची सोयही त्याच वेळी करावी.

पुढील तक्रारी ऐकल्या की आहाराचे बोलणे थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे : हाडात नव्याने सुरू झालेले आणि रात्री वाढणारे दुखणे, धाप लागणे किंवा छातीत दुखणे, एकाच पायाला आलेली सूज, टॅमॉक्सिफेन चालू असताना अंगावरून जाणे, व्रणापाशी किंवा काखेत नवी गाठ, आणि हाताला लाली येऊन ताप.

वर्षाचे कॅलेंडर समोर ठेवून कठीण आठवडे आधीच खुणावून ठेवावेत. नोव्हेंबरातील थँक्सगिव्हिंगपासून तामालेस, म्हणजे सारण भरून पानात वाफवलेले मक्याच्या पिठाचे पदार्थ, करण्याचे दिवस सुरू होतात, १२ डिसेंबरला ग्वादालूपेच्या मातेचा सण येतो, मग पोसादा हे नाताळाआधीचे नऊ रात्रींचे मेळावे, नाताळ, ६ जानेवारीला तीन राजांच्या सणाचा रोस्का हा गोड पाव, आणि मेक्सिकन घरांत २ फेब्रुवारीला पुन्हा तामालेस. या काळात वजन उतरवण्याचे उद्दिष्ट ठेवू नये; आहे तेवढे राखले तरी चांगले झाले असे तिला नोव्हेंबरातच सांगावे, तामालेस बंद न करता एका जेवणाला दोन असे ठरवावे, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या फोनची तारीख तिच्यासमोरच वहीत लिहावी.